महादेवरावांची फक्कीतली घरं

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकासाठी मी जे घर आखलं, त्याला दार ठेवायचं विसरलो.

घर म्हणजे खरं नव्हे, फक्कीचं. कामठी मागे टाकून कन्हानचा पूल ओलांडला की पुढे जी काळी जमीन लागते, तिथे ओमप्रकाश सेठचा मंगलधाम लेआउट होता. तिथली रीत अशी की गिऱ्हाईक यायच्या आधी एजंटाने रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर काढून ठेवायचं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागे तुळस. मला वाटलं, यात काय अवघड आहे. काटोलच्या शाळेत व्हॉलीबॉलची मैदानं मीच आखत असे. पण व्हॉलीबॉलच्या मैदानाला दार नसतं, आणि ती सवय हातात राहिली.

गिऱ्हाईक होते आनंदराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले, आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाई रेघेपाशी येऊन थांबल्या आणि घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारून परत त्याच जागी आल्या.

"दार कुठं आहे?"

"कुठूनही या की बाई," मी म्हणालो. "भिंती कुठं उभ्या आहेत अजून?"

"भिंती नाईत तं मंग हे काय आखून ठेवलं? चारी बाजूनं बंद असते ते घर नसते, समाध असते." मग नवऱ्याकडे वळून, "चला जी. मी याच्यात पाय नाई टाकत."

आनंदराव निघालेच होते. तेवढ्यात जीपजवळ उभे असलेले आमचे मुख्य एजंट महादेवराव आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि चालणं असं की माणूस लग्नघरी चालला आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पूर्वेच्या रेघेवर चपलेच्या टोकाने हातभर चुना पुसला, चप्पल बाहेर काढली, आत गेले, वळले आणि हात जोडून उभे राहिले.

"या वहिनी. तुमच्या घरचा पहिला पाहुणा मीच झालो. चहा नाई मागत. पण चूल कोणत्या कोपऱ्यात मांडान, तेवढं सांगून जा."

कौशल्याबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनीही चप्पल काढली आणि त्या पुसलेल्या जागेतून आत गेल्या. मागून आनंदराव गेले ते मान वाकवून, जणू वर चौकट होती. बाईंनी चुलीचा कोपरा दाखवला, मग म्हणाल्या नाही इथे धूर ओसरीत येईल, तिकडे. महादेवरावांनी वाकून बोटाने तिथे चूल काढली. पुढचं सांगण्यात अर्थ नाही, इसार त्याच संध्याकाळी झाला.

परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "शरदबाबू, त्या बाईच्या तोंडून जो शब्द निघाला तो कोणाले सांगू नको. असा शब्द जमिनीवर पडला की उचलता नाई येत."

मी हसलो होतो. मला वाटलं, धंद्यातली अंधश्रद्धा आहे.

महादेवरावांबद्दल सांगायचं तर हा माणूस जन्मला काहीतरी विकण्यासाठी, आणि अर्धं आयुष्य त्याने कापड विकलं. गांधीबागेत एका मोठ्या दुकानाच्या गादीवर ते पोरवयात बसले ते केस पांढरे होईपर्यंत. मग मालकाच्या मुलांच्या वाटण्या झाल्या, दुकानाच्या मधोमध भिंत आली, आणि महादेवराव कोणाच्याच वाटणीत आले नाहीत. ओमप्रकाश सेठ त्याच गल्लीतला. त्याने तेव्हा शेतजमिनी घेऊन प्लॉट पाडायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, "महादेवराव, जो आदमी उधारी में पैठणी बेच सकता है, वो मिट्टी नहीं बेचेगा?"

महादेवरावांनी कापडाचंच सगळं शास्त्र मातीला लावलं. दर सोमवारी सकाळी सेठच्या गांधीबागेतल्या माडीवर आम्हा एजंटांना ते गादीवर गोल बसवत आणि शिकवत. मी बी.ए.ला जे शिकलो त्यातलं आता काही आठवत नाही, पण त्या माडीवरचं सगळं आठवतं. ते सांगत की लुगडं फळीवर असते तोपर्यंत कापड असते, बाईच्या खांद्यावर पडलं की तिचं होते. म्हणून प्लॉट दाखवू नका, त्याच्यात उभं करा. "कसा वाटला?" हे कधी विचारू नका, विचारलं की माणूस खोड काढायला लागतो. त्यापेक्षा विचारा, "तुळस कुठं लावान?" गिऱ्हाईक नेहमी ऊन उतरल्यावर न्या, तेव्हा सावल्या लांब पडतात आणि प्लॉट मोठा दिसतो. आणि भावाआधी शेजारी विका. "माणूस जमीन घेत नाई गा," ते म्हणत, "तो शेजार घेते. पार्सल ऑफिसातल्या एकाले इकला की बाकीचे आपल्या पायानं येतात."

एका एजंटाने एकदा विचारलं, "आणि गिऱ्हाईक नाहीच म्हणाला तर?"

"मंग तुले त्याचं घर नाई दिसलं," महादेवराव म्हणाले. "आधी तुले दिसलं पाहिजे. तुह्या डोळ्याले जे घर दिसत नाई, ते त्याच्या डोळ्याले कसं दिसन? खोटं बोलू नका. खोटं बोलणारा एजंट थकते. खरं मानणारा थकत नाई."

हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं, आणि महिनाभर माझे प्लॉट खरंच बरे गेले.

स्वतः महादेवराव राहत ते इतवारीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यांच्या पत्नी जिजाबाई मोठ्या बोलक्या. मी गेलो की भाकरी करता करता मला सांगायच्या, "तुमच्या भाऊजींनी साऱ्या नागपूरले घरं दाखवली. मले दाखवलेलं घर पाह्य हे. न्हाणीत जायचं तं मालकिणीच्या दारावरून जाव लागते, अन् ती रोज विचारते, आज लवकर काहून आंघोळ?"

"होईन वं, होईन," महादेवराव म्हणायचे.

"तुमचं होईन मी लग्न होऊन आली तवापासून ऐकून राहिली."

त्या हिवाळ्यात ते झालं. सेठने वर्षभराच्या दलालीच्या बदल्यात महादेवरावांना मंगलधामच्या मध्यावरचा प्लॉट दिला. सेठ हुशार होता. एजंटच तिथे बांधायला लागला की गिऱ्हाइकाला आणखी काय पुरावा पाहिजे? महादेवरावांनी एका रविवारी जिजाबाईंना आणलं, आणि त्यांच्यासाठी घर आखलं. मी ते घर विसरणार नाही. आम्हाला ते शिकवत तेव्हा हात भरभर चालायचा. इथे ते ओंजळीतून फक्की अशी सोडत होते, जसं कोणी पीठ चाळतं. जिजाबाई रेघेबाहेर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि नवऱ्याने "या" म्हटलं तेव्हा इतवारीतल्या त्या बोलक्या बाईने पायातली चप्पल काढली. आत जाऊन त्या न्हाणीच्या चौकोनात बराच वेळ उभ्या राहिल्या.

महादेवरावांनी आयुष्यात पुष्कळ माल विकला. त्यांचा सगळ्यात पक्का सौदा हाच.

माघात जोतं वर आलं. जोत्याकडे बोट दाखवून "हे माझं" म्हटलं की गिऱ्हाईक गप्प व्हायचं. शेजारचा प्लॉट आनंदरावांचा होता, त्यांनीही विटा उतरवल्या.

फाल्गुनात मी एका गिऱ्हाइकासाठी त्याच ओळीतल्या एका प्लॉटवर घर आखलं. दाराची चूक पुन्हा होऊ नये म्हणून खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि सुतळीवरून फक्की सोडली. गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येणार होतं. रविवारी पाहतो तर माजघराची रेघ मधेच तुटलेली. तुटलेली म्हणजे पुसलेली नव्हे. अर्धी रेघ होती तिथेच होती आणि उरलेली अर्धी चार बोटं खाली सरकली होती. जशी पाटीवर ओढलेली रेघ पाटी फुटल्यावर दिसते.

मी महादेवरावांना हाक मारली. "भाऊजी, या वेळी दार आहे, पण भिंत हलली."

ते हसले नाहीत. वाकले, दोन्ही रेघांच्या मधे बोट ठेवलं. तिथे केसाएवढी भेग होती, आणि त्यातून गार हवा बोटाला लागत होती. मलाही लावून पाहायला सांगितलं. उन्हाळा लागलेला, सगळी जमीन तापलेली, आणि तेवढ्या जागेत विहिरीच्या तोंडासारखं गार.

"काळी जमीन आहे," ते म्हणाले. "उन्हात फाटते."

"फाटते, पण खाली बसते का?"

"पुसून टाक अन् शेजारच्या प्लॉटवर आख."

आता खदानीचं सांगितलं पाहिजे. लेआउटच्या पलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे एक जुनी कोळशाची खदान होती. इंग्रजांच्या वेळची, कधीच बंद पडलेली, तोंडावर बाभळी माजलेल्या. ती आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जमिनीखाली ती कुठवर गेली आहे, हे कोणी विचारत नव्हतं. "नाल्यापर्यंत," असं सगळे म्हणत. का, तर नाला दिसतो म्हणून. जमिनीच्या पोटात खणणाऱ्याला वरचा नाला दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि महादेवरावांनी सुचू दिलं नाही.

चैत्रात विहीर गेली. लेआउटच्या कोपऱ्यात सेठने विहीर खणली होती, गोड्या पाण्याची, आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचं पाणी पाजायचो. आदल्या दिवशी माणूसभर पाणी होतं, आणि सकाळी गवंडी बादली सोडतो तर बादली दगडावर वाजली. उन्हाळ्यात विहिरी आटतात, पण हळूहळू आटतात. ही एका रात्रीत कोणीतरी खालून बूच काढावं तशी रिकामी झाली होती.

आम्ही दोघं धरमपेठेत सेठच्या बंगल्यावर गेलो. सेठ झोपाळ्यावर बसून बदाम खात होता.

"सेठजी, विहिरीचं पाणी खाली गेलं," महादेवराव म्हणाले. "मले वाटते खदान इकडं आली असन."

"खदान आती-जाती नहीं महादेवराव, वो बैल थोडी है. खदान उधर, अपना लेआउट इधर."

"एखाद्याले बोलावून पाहायचं का? खदानीचा जुना नकाशा कोणाकडे असन."

सेठने झोपाळा थांबवला. "देखिए. आप पूछने जाएंगे तो पूछने की बात बाजार में आएगी. फिर नकाशे में कुछ न भी निकले, कौन लेगा? आपका अपना मकान वहीं है. लिंटल तक आ गया, मैंने सुना." मग माझ्याकडे पाहून, "रविवार के पहले कुएं में टैंकर डलवा दो."

कामठीहून टँकर आणून टाकला. रविवारी गिऱ्हाइकांनी कामठीचं पाणी गोड आहे म्हणून सांगितलं. सोमवारी विहीर पुन्हा कोरडी. मी याच्यावर चार विनोद केले, जीपमधले एजंट हसले. महादेवराव खिडकीबाहेर पाहत होते.

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. जिजाबाईंनी स्वतःच्या न्हाणीत आंघोळ केली आणि सगळ्या पाहुण्यांना ती न्हाणी दाखवली. पावसाळा गेला. काही झालं नाही. घर चांगलं राहिलं, आणि मीही विसरत चाललो होतो. महादेवराव मात्र सोमवारी माडीवर बोलता बोलता मधेच थांबायला लागले, एखादं वाक्य तोंडाशी येऊन परत जायचं.

दसऱ्याला मी महादेवरावांच्या घरी सोनं द्यायला गेलो तर दार लागत नव्हतं. जिजाबाई खांद्याने रेटून ते लावत होत्या.

"लाकूड फुगलं," त्या म्हणाल्या. "नवीन आहे ना."

लाकूड फुगलं नव्हतं. चौकट तिरपी झाली होती. उंबरठ्यापासून भेग निघून अंगणातून आनंदरावांच्या जोत्याखाली गेली होती आणि पुढे ओळीतल्या प्लॉटांतून नाल्याकडे. केसाएवढी आता राहिली नव्हती, माझी करंगळी आत गेली. घरातलं तांब्याचं घंगाळ जमिनीवर ठेवलं होतं, त्यातलं पाणी मधूनच थरथरायचं. कोणी चालत नव्हतं, गाडी जात नव्हती. महादेवरावांनी मला ते पाणी दाखवलं आणि बाहेर घेऊन गेले.

"आनंदराव उद्या स्लॅब टाकून राहिला," ते म्हणाले. "त्याची पोरं याच्याखाली झोपतीन."

"सेठला सांगू."

"सेठले सांगून झालं." त्यांनी भेगेत चपलेचं टोक घातलं. "आनंदरावले मी आणलं. मीच परत पाठवतो. इकणं जमते तं परत घेणं नाई जमणार का?"

मला आजही वाटतं, त्यांना त्या क्षणी खरंच वाटत होतं की जमेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलेच सगळे नियम मोडले. आनंदराव आणि कौशल्याबाईंना ऐन दुपारी प्लॉटवर उभं केलं, सावली पायाखाली गोळा झालेली. आधी खोड सांगितली. भेग दाखवली, विहीर दाखवली, टँकरचंही सांगून टाकलं. "स्लॅब टाकू नका," म्हणाले. "तुमचे पैसे मी सेठकडून आणतो. नाई दिले तं माझं घर इकून देतो."

आनंदरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कौशल्याबाई बोलल्या.

"महादेवराव भाऊजी, घर इकान, म्हणता. कोणाले इकान? जमीन वाईट असन तं घेणारा कोण?"

महादेवरावांनी टोपी काढली आणि परत घातली.

"गिऱ्हाईक भेटलं असन जास्त पैशाचं," आनंदराव म्हणाले. "सेठनं सांगितलं असन, आनंदरावले काढा. सरळ सांगाव ना."

"जिजाबाई तं राहून राहिल्या तुमच्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्यायले काहून नाई काढत बाहेर?"

तेही खरं होतं. कारण आदल्या संध्याकाळी त्यांनी जिजाबाईंना सांगितलं होतं, आणि जिजाबाई म्हणाल्या होत्या, "इतवारीत? त्या मालकिणीच्या दारावरून? भेग पडली तं सिमेंट भरा. मी जात नाई." आणि मग, आवाज खाली आणून, "तुम्हीच दाखवलं होतं ना मले हे घर? तवा दिसलं होतं ना तुम्हाले?"

कौशल्याबाई मग आपल्या भिंतींच्या आत गेल्या, आणि चूल मांडायच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, हात कमरेवर ठेवून. तिथून त्यांना ओढून काढायला पोलीस लागले असते. संध्याकाळी स्लॅब पडला. सेठने सगळ्या मजुरांना जिलबी वाटली.

आता सगळ्यांना एकदम दिसेल असं काहीतरी करायला पाहिजे होतं. महादेवरावांनी ठरवलं, भेग दाखवायची. सगळी. आपल्या उंबरठ्यापासून नाल्यापर्यंत तिच्यावरून फक्कीची रुंद रेघ ओढायची, म्हणजे कोणाचं घर कशावर आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल. सेठची फक्की वापरायची नाही. म्हणून आम्ही कन्हानला रामाजीच्या चुनाभट्टीवर गेलो. रामाजी आमचा नेहमीचा, गोल चेहऱ्याचा, अंगावर सतत पांढरी भुकटी, त्यामुळे घाम आला की गालावर नाले दिसायचे.

"पाच पोती? कायले लागते एवढी?"

"जमीन फाटली आहे लेआउटची," महादेवरावांनी स्पष्ट सांगितलं. "खालून पोकळ आहे. ती फाट दाखवायची आहे लोकांले. पैसे मंग देतो."

रामाजी आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग डोळा बारीक करून हसला. "न्या न्या. पैशाले काय घाई आहे?"

सकाळपासून आम्ही रेघ ओढली. मी पोतं धरायचो, ते सोडायचे. भेग जिथे वळत होती तिथे रेघ वळली, कोणाच्या अंगणातून गेली, कोणाच्या तुळशीला चिकटून गेली. लोक बाहेर येऊन पाहत होते. महादेवराव प्रत्येकाला सांगत होते, "याच्याखाली पोकळ आहे. याच्या आजूबाजूले राहू नका." लोक मान हलवत होते. नाल्यापाशी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. एवढी रुंद, एवढी पांढरी रेघ त्या लेआउटवर कधी पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो तर रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं पावलं मोजत होती.

"साठ फुटी रस्ता आहे म्हणतात," एक जण दुसऱ्याला सांगत होता. "नाल्यावर पूल होऊन थेट हायवेले लागते."

"मोजणी झाली ना. त्यानं स्वतः आखली, महादेवरावनं."

"मंग ते पोकळ म्हणून काय सांगत होते?"

"आजूबाजूचे प्लॉट स्वतःले पाहिजे असतीन ना. जुना माणूस आहे गांधीबागेतला, कच्चा आहे का?"

मी धावत जाऊन सांगायला लागलो की रस्ता नाही, भेग आहे, हे पाहा, हात घाला. एकाने खरंच हात घातला. "गटाराची लाइन टाकाले खणलं असन," म्हणाला आणि हात झटकून उठला.

त्यांचा दोष नव्हता. वर्षभर आम्हीच त्यांना शिकवलं होतं की या जमिनीवर चुना पडला की काहीतरी चांगलं येणार असतं. फक्की पडली की घर, फक्की पडली की विहीर, फक्की पडली की शाळेची जागा. वाईट गोष्टीसाठी कोणी फक्की टाकतं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

सेठ तर रागावलाही नाही. त्याने फक्त रेघेलगतच्या प्लॉटांचा भाव वाढवला. एका रविवारी दोन जीपा भरून लोक आले, आणि उरलेली ओळ जवळजवळ संपली. सेठने महादेवरावांना माडीवर बोलावून सगळ्यांसमोर हार घातला. "इसको कहते हैं एजंट," तो आम्हाला म्हणाला. "बोलता है मत लो, और लोग लेते हैं." महादेवरावांनी हार काढून गादीवर ठेवला आणि जिना उतरून गेले. त्यानंतर त्यांनी एकही प्लॉट विकला नाही. विकायला ते तोंड उघडतच नव्हते. उघडून उपयोगही नव्हता, कारण ते जे काही सांगत त्याने भावच वाढत असे.

मीही सोडलं. वशिल्याने कामठीच्या नाक्यावर पावत्या फाडायची नोकरी मिळाली. तिथून मंगलधाम सायकलने दूर नाही. मी जातो अधूनमधून. आनंदरावांच्या घराला आता वरची खोली निघाली आहे. रेघ पावसाने धुऊन गेली, पण तिच्या दोन्ही बाजूंना घरं अशी उभी राहिलीत की रेघ नसतानाही ती कुठून जात होती हे दिसतं. खाली काय चाललं आहे ते कळत नाही. मधूनच जमिनीतून एखादं जड कपाट कोणी सरकवल्यासारखा आवाज येतो. कौशल्याबाई म्हणतात खदानीत पुन्हा काम सुरू झालं असेल, बरं झालं, पोरांना नोकऱ्या लागतील.

महादेवराव तिथेच राहतात. मी विचारलं, तुम्ही तरी इथे का राहता? ते म्हणाले, "मी गेलो तं लोक म्हणतीन, नफा काढून गेला. राहिलो तं निदान रोज सांगता येते." ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज सांगतात. लोक थांबून ऐकतात आणि नमस्कार करून जातात. दाराची चौकट त्यांनी दोनदा बदलली. जिजाबाई न्हाणीच्या भिंतीवर दर पंधरा दिवसांनी सिमेंट लावतात, स्वतःच्या हाताने, अंगणात रांगोळी घालावी तितक्या नेमाने. मागच्या खेपेला मी घंगाळात डोकावलो. पाणी थरथरत नव्हतं. ते एका बाजूला कलून, काठाला टेकून, गप्प उभं होतं.

रामाजी मला नाक्यावर भेटतो. बैलगाडी थांबवतो, पावती घेतो, गालावरची भुकटी पुसतो. "शरदबाबू, ते पाच पोत्यांचं राहिलं हं." मी म्हणतो देतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा फार खुशीत होता. त्याने मंगलधाममध्ये प्लॉट घेतला होता. उरलेल्यांतला शेवटचा, रस्त्यालगतचा.

"रामाजी, तुम्हाला तर आम्ही आधीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "भट्टीवर. तुमच्या तोंडावर."

"हाव ना," तो म्हणाला. "तवाच समजलो मी. रस्त्याची गोष्ट फुटू नये म्हणून तुम्ही दोघं कसे गंभीर तोंड करून उभे होते. खोटं बोलता येत नाई महादेवरावले."

मागचे गाडीवाले ओरडायला लागले. मी खिशात हात घातला, कारण त्या दिवशी पगार झाला होता. मग वाटलं, पैसे फिटले की हा थांबायचा नाही, म्हणून हात तसाच बाहेर काढला आणि म्हणालो, उद्या थांबा जरा, पैशाचंही बोलू आणि प्लॉटचंही. तो म्हणाला उद्या नाही, उद्या प्लॉटवर भूमिपूजन आहे. पैसे राहू द्या, काही कुठं जाऊन राहिले का. आणि बैलांना हाकारून पुलाकडे निघून गेला.

पाच पोत्यांचे पैसे अजून माझ्याकडेच आहेत.